आयचा अंगठा

"तुझा बाप मेलाय की जिवंत आहे, एवढं तरी नक्की करून ये."

असं म्हणून प्रिन्सिपॉलांनी माझा अर्ज पेन्सिलीच्या टोकानं माझ्याकडे ढकलला. हात लावला नाही. मी घिवली गावच्या कोळ्याचा पोरगा, मुंबईच्या लॉ कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. अंगात धुतलेला शर्ट होता. तरी बाहेर आल्यावर मी स्वतःच्या बाहीचा वास घेऊन पाहिला. त्याची लाज मला आजही वाटते.

साठच्या दशकातली गोष्ट. माघात बाबांची होडी गेली ती आलीच नाही. बाबा आणि बरोबर दोन खलाशी. मी कॉलेज टाकून गावी आलो आणि जवळजवळ महिनाभर किनारा तुडवला. तारापूर, चिंचणी, पार डहाणूच्या पुढे. एक फळकुटसुद्धा मिळालं नाही. परत गेलो तर चाचणी परीक्षा उरकलेली आणि हजेरी कमी भरलेली. हजेरी नाही तर टर्म नाही, टर्म नाही तर विद्यापीठाच्या परीक्षेला बसायचं नाही. म्हणजे वर्ष बुडालं.

माझ्या आधी त्याच खोलीतून वर्गातला एक जण बाहेर पडला. मोठ्या वकिलाचा मुलगा. बहिणीच्या लग्नासाठी महिनाभर गायब होता, त्या लग्नाचे पेढे आम्ही सगळ्यांनी खाल्ले होते. त्यानं आणलं काविळीचं सर्टिफिकेट. "तब्येतीला जप," असं प्रिन्सिपॉल त्याला म्हणाले, ते मी दाराबाहेरून ऐकलं. त्याची चाचणी पुन्हा घ्यायचं ठरलं.

मला म्हणाले, "तुमच्या लोकांत माणूस मेला तरी कळत नाही वाटतं? मृत्यूचा दाखला आण. नाहीतर आईचं प्रतिज्ञापत्र. मग बघू."

मी "हो सर" म्हणालो. एवढंच म्हणालो.

खरं तर सांगायला हवं होतं. दर्यात गेलेला माणूस परतला नाही, तर आमच्या घरात नारळी पुनवेपर्यंत त्याला 'गेला' म्हणत नाहीत. बायको बांगड्या उतरवत नाही, कुंकू पुसत नाही. रोज संध्याकाळी त्याची थाळी वाढून झाकून ठेवते. तो वाईट शब्द कुणी चुकून उच्चारला तर त्याला घराबाहेर काढतात. हे मला कळत्या वयापासून ठाऊक. पण प्रिन्सिपॉल हसतील, अशी भीती वाटली.

देह नव्हता, तेव्हा दाखला मिळणार नव्हता. प्रतिज्ञापत्राचा मजकूर मी स्वतःच लिहिला. 'माझे पती समुद्रात बुडून मयत झाले आहेत.' वाक्य कसं अगदी वकिली जमलं, म्हणून मला तेव्हा बरं वाटलं होतं. होय, बरं वाटलं होतं. कायद्याचं पहिलं वाक्य लिहिलं आणि त्यात बापाला बुडवलं.

कागद घेऊन गावी आलो, तेव्हा आय अंगणात बोंबील वाळत घालत होती.

"आय, उद्या पालघरला यायचं. कॉलेजचा कागद हाय. तुजा अंगठा लागतो."

"मंग जाव की. त्यात काय?"

काय लिहिलंय ते तिनं विचारलं नाही. लेकाचा कागद, विचारायचं कशाला? दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसली, केसांत अबोली माळली. लेकाच्या कॉलेजचं काम होतं ना.

पालघरच्या कोर्टात कारकुनानं विचारलं, "बाईला वाचून दाखवलंस?"

"दाखवलं," मी म्हणालो.

आयनं अंगठा उठवला. बोटाची शाई केसांत पुसली. मग कारकुनानं मान वर केली आणि तिच्या कपाळाकडे पाहिलं.

"नवरा मयत ना हिचा? मग कुंकू कसलं? नवरा बुडाला तरी यांचं नटणं काही सुटत नाही."

बाकावर बसलेले दोघे-तिघे हसले. आय माझ्याकडे वळली.

"वाच."

"आय, ते नुसतं कागदापुरतं..."

"वाच बोलते ना."

वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. ती रडली नाही. ओरडली नाही.

"तो गेला असं मी कवा बोलली? माज्या अंगठ्याकडून ते बोलवून घेतलंस?"

मी तो कागद उभा फाडला. मग आडवा. कारकून खुर्चीतून उठला, "अरे, कोर्टाचा कागद आहे तो!"

"कागद माझ्या आयचा आहे. मी तिला वाचून दाखवला नव्हता. तुम्हाला खोटं सांगितलं. आणि तिच्या कुंकवाबद्दल पुन्हा बोलायचं नाही."

कोर्टात माझा आवाज चढला तो असा, पहिल्यांदा.

कॉलेजात नवा अर्ज दिला. त्यात एवढंच लिहिलं की वडिलांची होडी आलेली नाही, मी त्यांना शोधत होतो.

"हा काही पुरावा नव्हे," प्रिन्सिपॉल म्हणाले.

"काविळीचा तरी कुठं होता, सर?"

त्यांनी दाराकडे बोट केलं. माझं वर्ष गेलं. पेढेवाला पास झाला.

वर्षाचं मला काही नाही. पण पालघरहून आलो त्या संध्याकाळी आयनं भात शिजवला, कालवण केलं, आम्ही दोघं जेवलो. बाबांची थाळी तिनं मांडली नाही; तो शब्द आता तिच्याच अंगठ्यानं उमटला होता. पुढेही कधी मांडली नाही. नारळी पुनवेला अजून पाच महिने होते. वाट बघायचे ते पाच महिने तिच्या हक्काचे होते. प्रिन्सिपॉलांनी मला हिणवलं, कारकुनानं तिला हिणवलं, पण ते महिने तिच्याकडून मीच हिसकावले.

पुढल्या वर्षी परीक्षा दिली. आता पालघरच्या त्याच कोर्टात वकिली करतो. किनाऱ्यावरची माणसं येतात, डोंगराकडची येतात. आल्या आल्या अंगठा पुढे करतात, "कुठं उठवू, सायेब?" मी शाईची डबी खणात टाकतो. आधी वाचतो. मोठ्यानं, त्यांच्या बोलीत, शेवटच्या ओळीपर्यंत. कारकून घाई करतो, त्याला थांबायला सांगतो. कोर्टातले साहेब चिडतात, चिडू देतो.

आयनं मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. विचारणारही नाही. पण न ऐकलेल्या कागदावर माझ्यासमोर कुणाचा अंगठा उठणार नाही. उठलाच, तर तो कागद मी आजही फाडीन.