तांदळाच्या डब्यातलं सीताफळ

बाबा सोमवारी गेले. शुक्रवारी दुपारी आईने तांदूळ काढायला डब्यात हात घातला आणि तो तसाच आत राहिला. मी चटईवर बसून पाहत होते. हात बाहेर आला तेव्हा त्यात सीताफळ होतं, पूर्ण पिकलेलं.

रविवारी बाबांनीच ते कॅम्प दोन भागातल्या बाजारातून आणून पिकायला ठेवलं होतं. आठवड्यात काही चांगलं दिसलं की ते शुक्रवारसाठी राखत. "उपास कुणीही करेल," ते म्हणायचे. "मन लावून खाणं अवघड. देव तेही मागतो."

आम्ही बेने इस्राएल, इथले मराठी बोलणारे ज्यू. आमच्यात माणूस गेलं की घरचे सात दिवस जमिनीवर बसतात. पण मध्ये शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, आला की शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत उठायचं. अंघोळ, चांगले कपडे, चांगलं जेवण. शनिवारी चांदण्या दिसल्या की पुन्हा जमिनीवर. हे मला माहीत होतं. आपल्याच घरात असं करावं लागेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

सोमवारपासून आई दोन-दोन घासांवर होती. तरी तिने नारळाच्या रसात माशाचं कालवण केलं, मनुकांचं शरबत गाळलं. मला म्हणाली, "तो फाटका कुडता बदल." शोकाची खूण म्हणून सोमवारी गळ्याशी फाडलेला तो कुडता मी बदलला.

दिवा लावून, शरबतावरची प्रार्थना आटोपून आम्ही टेबलाशी बसलो, तोच खालच्या मजल्यावरच्या काकू पिठलं-भाताचा डबा घेऊन आल्या. रोज त्याच जेवण आणत होत्या.

"वास जिन्यापर्यंत आलाय," त्या दारातूनच म्हणाल्या. "मला वाटलं, पाहुणे आले की काय. वहिनी, पाचवाच दिवस ना आज?"

"आज शब्बाथ, ताई. आज रडायचं नसतं."

"अगंबाई! रडायला पण सुट्टी?"

"उद्या संध्याकाळपर्यंत."

"तुमचा देव भारीच कडक हो."

"आहेच," आई म्हणाली. "गोड खायला लावतो."

कुणीच हसलं नाही. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे. मनातून मी काकूंच्याच बाजूने होते.

आईने सीताफळ माझ्यासमोर ठेवलं. मोसमातल्या पहिल्या फळावरची प्रार्थना घरातल्या सगळ्यात लहानाने म्हणायची, ही बाबांची पद्धत. दरवर्षी मी ती पुटपुटून उरकायचे. आम्हाला जगवलंस, सांभाळलंस, या वेळेपर्यंत आणलंस. या वेळेपर्यंत! ही वेळ कुणी मागितली होती?

"म्हण."

"मला नाही जमणार."

"बरं. मग मलाही नको." तिने ताट बाजूला सारलं. आवाजात राग नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. आज ती जेवली नाही तर परत केव्हा जेवेल, मला सांगता आलं नसतं.

मी प्रार्थना म्हटली. काकू दारात उभ्या असूनही मोठ्याने म्हटली, शेवटच्या शब्दापर्यंत. फळ फोडून गर तोंडात घातला. इतका गोड होता की बाबांचा राग आला. बी तोंडात तशीच धरून मी रडू थोपवलं.

आईने ताट परत ओढलं. "या ना ताई, बसा."

काकू बसल्या. एक फोड हातात घेतली. "हेच ना ते? रविवारी जिन्यात दाखवलं होतं मला. म्हणाले, शुक्रवारी या चाखायला."

आईने डबा उघडून आधी त्यांचं पिठलं घेतलं, मग कालवण. काटे ताटाच्या कडेला लावत ती जेवत राहिली. भात संपला तेव्हा तिने आणखी मागितला.