पुढे चालणारे वकीलसाहेब

लग्न झाल्यापासून कुंदाताईंनी नवऱ्याची पाठ जितकी पाहिली, तितकं तोंड पाहिलं नव्हतं. अमरावतीत वकिली करून थकलेले कमलाकांत पहाटे छत्री तलावाकडे फिरायला निघत ते कायम पुढे, कुंदाताई मागून. मध्येच मान न वळवता ते विचारत, "येऊन राहिली ना?" आणि उत्तराची वाट न पाहता पुढचा मुद्दा मांडत. कोर्टात बोलण्याची फी मिळायची. ऐकण्याची कुणी देत नसे, म्हणून ती सवयच लागली नाही.

मुलगी जुईली बँकेच्या बदलीवर रत्नागिरीला गेली आणि तिने दोघांना बोलावलं. समुद्राच्या कडेने खडकांवरून एक वाट जाते, टोकाला दगडाचे सहाकोनी खांब उभे आहेत, कुणी घडवून लावल्यासारखे. तिने फोटो पाठवला आणि कुंदाताईंनी त्या खांबांचा ध्यासच घेतला. गुडघ्यांना तेल चोळायचं आणि घरातला जिना चढायचा-उतरायचा. वकीलसाहेबांनी मात्र निकाल आधीच देऊन ठेवला होता: हिच्याच्याने होणार नाही, अर्ध्यातून परत आणावं लागेल.

वाट सुरू झाली जांभ्याच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या खडकाळ माळावरून. लाल दगड, चाळणीसारखा भोकाभोकांचा. कडा उतरून खाली आले तर सगळा काळा कातळ. वकीलसाहेबांनी त्यावर काठी आपटली आणि जाहीर केलं, की हा तर आपल्या चिखलदऱ्याचाच दगड, यासाठी एवढं तिकीट काढायची गरज नव्हती. जुईली म्हणाली, खरंय बाबा, लाव्हा एकच. झालं! लेकीनेच कबुली दिल्यावर भाषणाला कोण आवरणार? मायलेकी मागे राहून डबकी बघत होत्या. पाण्यात जांभळी फुलं उमललेली दिसत आणि बोट लावलं की मिटून जात. ती फुलं नव्हतीच, जिवंत प्राणी होते. खेकडे तिरके पळाले तेव्हा वकीलसाहेब म्हणाले, साक्षीदार असेच, सरळ येतच नाहीत.

खांबांच्या अलीकडे खडकात एक घळ होती. ओहोटीतच ती ओलांडता येते, तेव्हा आत्ताच जाऊन येऊ, असं जुईली सांगत होती. वकीलसाहेबांनी सपाट दगड पाहून बैठक मारली आणि मोर्शीच्या संत्र्यांची पिशवी सोडली.

"पेढी नदीचे पूर पाहिलेत मी," ते म्हणाले. "पाणी उतरलं म्हणजे उतरलं."

पण मघाशी घळीच्या तोंडाशी कोरडा असलेला एक पांढरा शिंपला आता पाण्याखाली गेलेला कुंदाताईंना दिसला. उद्या परतीची गाडी होती. आज राहिलं ते राहिलंच.

त्यांनी पदर खोचला. "तुम्ही संत्री खा. मी जाऊन येते."

आणि जन्मात पहिल्यांदा त्या नवऱ्याला ओलांडून पुढे गेल्या, जुईली मागोमाग. घळीत कालवांचे शिंपले चिकटलेले, सुरीसारखे धारदार. जिथे पाय धजेना तिथे त्या सरळ बसल्या आणि घसरत गेल्या. पातळाची पर्वा घरी जाऊन. खांब जवळून पाहिले तर सरपण रचून ठेवावं तसे एकाला एक लागून उभे. उन्हाने तापलेले. कुंदाताईंनी एकावर तळहात टेकला. वरून पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड गेला, पायांत वळवळता साप.

तेवढ्यात मागून हाक आली. वकीलसाहेब निघाले होते खरे, पण घळीच्या मध्यावर शेवाळावर पुतळ्यासारखे थिजले होते. पाणी घोट्याला लागलेलं. कोर्टातली शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली होती.

"कुंदे, मले धर वं."

त्या खाली उतरल्या, हात दिला आणि बसून सरका म्हणाल्या. वकील माणसाने असं बसून सरकायचं, लेकीसमोर?

"मग उभे राहा. भरती येऊनच राहिली आहे."

वकीलसाहेब बसले.

परतताना कुंदाताई पुढे होत्या. मान न वळवता त्यांनी विचारलं, "येऊन राहिले ना?"

"हो," मागून आवाज आला. कुंदाताई मात्र उत्तर येईपर्यंत थांबल्या होत्या.

आता छत्री तलावावर वकीलसाहेब मित्रांना सांगतात, की वाट तपासायला हिला मीच पुढे पाठवलं होतं. कुंदाताई हरकत घेत नाहीत. तिथला ओला उतार आला, की ते बुटाची नाडी बांधायला वाकतात, आणि कुंदाताई पुढे जाईपर्यंत ती बांधून होत नाही. त्यांचे बूट बिननाडीचे आहेत.