रमाने नाकारलेली गेटसभा

नवरा-बायकोचं भांडण असो की दोन शेजाऱ्यांचं, धनराजभाऊंचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा : "यात मजुरी कोणाले कमी भेटते?" वरोऱ्यात ते जिनिंग कामगारांची युनियन चालवत. नव्वदीच्या अखेरीस मी तिथल्या कॉलेजात नवा प्राध्यापक होतो. दर रविवारी त्यांच्या अभ्यासवर्गाला जायचो, बहुधा वाद घालायलाच.

एका रविवारी रमा उठून उभी राहिली. हजेरीपटावर तिचं नाव रमेश होतं. पुरुषांसोबत ती कापसाच्या गाठी उचलायची. "भाऊ, मी बाई हाय. मले बायांच्या शेडमध्ये काम पाह्यजे."

बायांना मजुरी कमी होती. भाऊ चक्रावले. "खाली उतराले कोण मांगते बे?"

"हा तिच्या भावनेचा प्रश्न आहे," मी मध्येच म्हणालो.

"भावना तुमच्या कॉलेजात चालतात, मास्तर. इथी मजुरी चालते."

रमा शांतपणे म्हणाली, "मजुरी तुमी लढून वाढवान, भाऊ. पण गड्यायमधी मी रोज मरून राह्यली, त्याचं काय करान?"

भाऊंनी हातातलं पुस्तक मिटलं. त्या दिवशी वर्ग तिथंच संपला.

दुसऱ्या दिवशी ते आधी शेडमधल्या बायांशी बोलले, मग मॅनेजर हो म्हणेपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिले. रमा बायांमध्ये बसून कापूस निवडू लागली आणि तिची मजुरी लगेच घसरली. भाऊ तर उसळलेच. "हात थेच, पाठ थेच! शेड बदलली अन् मजुरी उतरली! आता मालकानं सांगाव, कोणती ताकद कमी झाली?" समान मजुरीसाठी कारखान्याच्या फाटकावर गेटसभा होती. तिथं रमाला उभं करायचं त्यांनी ठरवलं. मलाही ते पटलं.

रमाने नकारार्थी मान हलवली. "तिथी लोक माह्यात रमेशच पाहतीन. मी पुरावा नाई, भाऊ."

सभेत भाऊंनी तिचा उल्लेखही केला नाही. मी चिडलो, हातचा मुद्दा घालवला म्हणालो.

"मुद्दा दुसरा भेटन, मास्तर. बाई आपली हाय."

सभेनंतर पुकारलेला संप लांबला आणि अर्ध्या मागणीवर मिटला. त्याची खंत भाऊंना शेवटपर्यंत होती.

काही वर्षांनी त्यांच्या छातीच्या दुखण्याने जोर धरला. मी भेटायला गेलो तेव्हा ते खाटेवर पडून होते. मला पाहून म्हणाले, "रमाचं म्हणणं मले अजूनबी पुरतं समजलं नाई. पण समजल्यावरच मानाव, असं थोडी असते?"

रमा उशाशी संत्रं सोलत बसली होती. "बोलू नका, भाऊ. दम लागते," ती म्हणाली.

आयुष्यभर कुणाचं न ऐकणारे धनराजभाऊ गप्प झाले, आणि तिने दिलेली फोड त्यांनी निमूटपणे तोंडात घेतली.