स्मरणपत्र आलं नाही

अंधेरीच्या आमच्या सरकारी कचेरीत माझ्याइतकं नीटनेटकं टेबल कोणाचंच नव्हतं. हे फुशारकीनं सांगत नाही. आता त्या टेबलाची आठवण झाली की माझी मलाच चीड येते. सकाळी आल्या आल्या एका पाठकोऱ्या कागदावर दिवसाची कामं लिहायची, झालेल्यावर लाल पेन्सिलीनं रेघ मारायची. कागदांचे तीन गठ्ठे: आज निघायचे, थांबलेले आणि संपलेले. साहेबांनी फाईल मागितली आणि मला ती शोधावी लागली, असं कधी झालं नाही. कचेरीतले लोक मला 'कपाट' म्हणायचे. मला ते आवडायचं, हे आणखी वाईट.

ही शिस्त आमच्या हेडक्लार्कनी लावली. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात थांबलेल्या कागदांचा गठ्ठा बघून मी घाबरलो होतो. तेव्हा तोंडातलं पान सांभाळत ते म्हणाले, "अरे, घाबरतोस काय? ज्याला घाई असेल तो स्मरणपत्र पाठवील ना! पहिलं आलं की फाईल वर काढायची, दुसरं आलं की साहेबांपुढे ठेवायची. स्मरणपत्र नाही म्हणजे घाई नाही." मी ते मनावर घेतलं. आणि खरंच, ज्या कागदाची कोणी आठवण करून दिली नाही, तो पडून राहिल्यानं कधी काही बिघडलं नाही. निदान आमच्यापर्यंत तरी तसं काही आलं नाही.

राहायला मी जोगेश्वरीला होतो. गाववाल्यांची खोली, आम्ही सहाजण. बाकीचे पाचही कारखान्यांत पाळीवर जायचे, त्यामुळे खोलीत माणसं भरपूर, पण बोलायला कोणी जागं नसायचं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. बायको मालवणकडे गावी, माझ्या आईजवळ. वेगळी खोली मिळाली की तिला आणायची असं ठरलं होतं. रविवार मला खायला उठायचा. मग ट्रंक उघडून घरचे कागद लावत बसायचो. घरची पत्रंही मी कचेरीसारखीच ठेवायचो. उत्तर दिलं की कोपऱ्यात तारीख आणि सही. स्वतःच्या बायकोच्या पत्रावर सही!

एका मार्चमध्ये तिचं पत्र आलं. एरवी ती म्हशीचं, आईच्या गुडघ्याचं, शेजाऱ्यांचं लिहायची. या वेळी चारच ओळी होत्या. "मला मे महिन्याच्या आत तिकडे न्या. खोली लहान असली तरी चालेल. मला इथे तुमच्याशिवाय करमत नाही. उत्तर लगेच द्या."

ते पत्र मी किती वेळा वाचलं, सांगता येत नाही. पण उत्तर काय देणार? बोरिवलीला एक खोली बघून ठेवली होती, तिचं आज-उद्या चाललं होतं. 'अजून जमलं नाही' असं लिहायची लाज वाटली. पक्कं झालं की एकदमच लिहू म्हणून मी ते पत्र थांबलेल्या कागदांत ठेवलं. एप्रिल गेला, मे गेला. तिचं दुसरं पत्र आलं नाही, आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं. तिला घाई नसावी असं मी धरून चाललो. आईची खुशाली शेजारच्या मास्तरांच्या अक्षरात येऊ लागली. आधी ती बायको लिहायची. तेही माझ्या ध्यानात आलं नाही. त्या पत्रांना मात्र मी त्याच दिवशी उत्तर देत होतो.

गणपतीला गावी गेलो तो बोरिवलीची खोली पक्की करूनच. दुपारी जेवणं उरकल्यावर ती मागच्या पडवीत भांडी घासत होती. तिथे जाऊन मी मोठ्या थाटात सांगितलं, "खोली मिळाली. आता चल."

तिचा हात थांबला नाही. "आता ऱ्हवांदे," ती म्हणाली. "मी शाळेत पोरींका शिवण शिकवतंय. हय माझा बरा चल्लाहा."

"अगं, पण तूच लिहिलं होतंस ना? मग परत एकदा लिहायचंस."

"एकदा लिवलंय मां. घोवाक किती वेळा लिवायचा?"

नवऱ्याला किती वेळा लिहायचं, हे तिनं रागानं विचारलं असतं तर मी समजूत काढली असती. ती रागावलेली नव्हती. पोस्टमनची वाट बघून बघून तिनं वाट बघणंच सोडून दिलं होतं, आणि माझ्यावाचून राहायची तिला सवय झाली होती. नवरा म्हणून माझी काही किंमत असेल तर ती मी त्या दोन महिन्यांत घालवली.

बोरिवलीच्या खोलीत मी एकटाच राहायला गेलो. सुट्टीत गावी जायचो. ती नीट वाढायची, विचारपूस करायची, परत निघताना लाडू बांधून द्यायची. पाच वर्षांनी ती पहिल्यांदा मुंबईला आली, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून, आठ दिवसांपुरती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. स्टोव्हवर आधण ठेवून ती फळीसमोर उभी होती, डब्यांकडे बघत, पण एकाही डब्याला हात न लावता.

"साखर खंय आसा?" तिनं विचारलं.

"डावीकडचा दुसरा डबा," मी म्हणालो.

तिनं तो काढला, दोन चमचे साखर घातली, झाकण घट्ट लावलं आणि डबा होता तिथेच अगदी जपून परत ठेवला, दुसऱ्याच्या घरातला ठेवावा तसा.