बाहेर बसलेल्या

लग्नाच्या बोलणीत नवऱ्याकडच्यांनी कबूल केलं होतं, सून नोकरी करील. केली. घराचा उंबरा न ओलांडता केली, एवढा तपशील बोलणीत राहून गेला होता.

मी पनवेल शहरातली, बी.कॉम. झालेली. सासर नेऱ्याच्या वाटेवरच्या गावात. शेतं विकून बंगला बांधलेला, आणि नवरा नव्या बिल्डिंगांना रेती-मुरूम पुरवण्याच्या धंद्यात. तो सकाळी जायचा, दुपारी जेवायला यायचा, पुन्हा जायचा. दिवसभर घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आई म्हणायचे.

गावात ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. बेलापूरच्या एका ऑफिसने मला घरबसल्या काम दिलं. अमेरिका आणि कॅनडातल्या बायकांची एक फुटबॉल लीग होती. तिचे सामने बघायचे आणि चेंडूला कोणी, कधी, कसा पाय लावला ते भरायचं. पास दिला की एक बटण, हिसकावला की दुसरं, चेंडू रेषेबाहेर गेला की तिसरं. रेकॉर्डिंग सोमवारी यायचं, बुधवारी संध्याकाळपर्यंत फाईल पाठवायची. दर चार सेकंदांनी थांबवून मागे घ्यावं लागे, त्यामुळे नव्वद मिनिटांच्या सामन्याला माझे दोन दिवस सहज जायचे. त्याआधी मी जन्मात फुटबॉल पाहिला नव्हता. महिनाभरात पाठीवरचा नंबर चिखलाने माखला तरी धावण्यावरून बाई ओळखू लागले.

खरं सांगायचं तर त्यांचा मला राग यायचा. एवढी हिरवीगार जागा, आणि सगळी यांना पळायला! मी अंगणात जरा भराभर चालले तर शेजारीण कुंपणावरून विचारायची, "काय झाला गो? कोन आजारी हाय का?"

त्यात आमच्याकडे पाळी पाळायचे. चार दिवस मागच्या खोलीत बसायचं. पूर्वी तिथे भात ठेवायचे. वर पत्रा, आणि खिडकी म्हणावी तर हातभर. कॉम्प्युटर हॉलमध्ये आणि देव्हाराही हॉलमध्येच, म्हणजे चार दिवस काम बंद. नवऱ्याला म्हटलं, कॉम्प्युटर बेडरूममध्ये हलवू या. तो म्हणाला, "आईला विचार." पंचक्रोशीत डंपर फिरवणारा माणूस, आणि एक टेबल हलवायला याला आईची परवानगी! आईंनी नाही म्हटलं. टेबल राहिलं तिथेच.

ऑफिसातल्या मॅडमना मी लाईट गेल्याचं सांगायचे. तिसऱ्या महिन्यात त्या म्हणाल्या, "काय हो, तुमच्याकडची लाईट महिन्याच्या महिन्याला बरोबर चार दिवस जाते?" मला कानकोंडं झालं. मग त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या, सीझन संपला की घरून काम करणाऱ्यांपैकी एकीला ऑफिसात घेणार आहेत, तुमचं काम चोख आहे, पण आता शेवटपर्यंत एकही फाईल उशिरा येता कामा नये. बेलापूरला टेबल, खुर्ची, गळ्यात ओळखपत्र! पगाराचं मी विचारलंसुद्धा नाही. मला ते रोजचं जाणं-येणं हवं होतं.

आणि मग मी तो आगाऊपणा केला.

एका दुपारी आई माझ्यामागे बसून वाल सोलत होत्या. पडद्यावर मैदानाच्या कडेला बाकावर सात-आठ जणी बसल्या होत्या, अंगात वेगळ्याच रंगाच्या बंड्या. आईंनी बोट दाखवलं. "ह्या का बाहेर बसल्यान गो?"

आमच्या घरात बाहेर बसण्याचा एकच अर्थ. मला हसू आवरेना, आणि आदल्याच आठवड्यात मागच्या खोलीत चार दिवस काढल्याचा राग होताच. म्हटलं, "हो आई. चार दिवस त्यांनाही आत मनाई."

"तिकडं पन?"

"तिकडं पण."

मी ओठ दाबून हसत होते. आई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला कळेचना काय झालं. "बग," त्या हळूच म्हणाल्या, "मना वाटला, आपूनच."

संध्याकाळपर्यंत ही बातमी आळीभर. पुढच्या महिन्यात मी सांगून पाहिलं, की आई, आता शहरात हे कोणी पाळत नाही. त्या म्हणाल्या, "अमेरिकेतल्या धडधाकट पोरी बसतान, आनि तुना काय झाला?" घ्या! माझाच शब्द माझ्या तोंडावर. शेजारच्या बायकाही मान डोलवायला लागल्या, आणि मी गेले मुकाट मागे.

बरं, एकदा बोललेलं खोटं टिकवायलाही लागतं. बदली खेळाडू आत जाण्याचा क्षण आला की मी ओरडायचे, "आई, दूध उतू जातंय!" त्या उठून गेल्या की बदलीचं बटण दाबायचं. बावीस नंबरची एक पोरगी मात्र खरोखरच सीझनभर बाकावर होती. एकाही सामन्यात तिला उतरवलं नाही. आईंना तिची काळजी लागून राहिली. "हिचा कायतरी बिगरलाय गो. दर येलेला बाहेर. डाक्तरला दाव म्हनाव." मी पदर तोंडात कोंबून हसले होते. आज आठवलं की तेही नको वाटतं.

मॅडमनी बजावल्यानंतरच्या दोन महिन्यांत मी तारखा मोजून, उरलेल्या दिवसांत रात्री जागून एकही फाईल चुकू दिली नाही. शेवटचा सामना सोमवारी सकाळी आला आणि त्याच सकाळी मला पाळी आली. चार दिवस आधीच! कपाळ माझं. बाथरूममध्ये उभी राहून मी रडले, तोंड धुतलं, बाहेर आले, कोणाला काही न सांगता कॉम्प्युटरसमोर बसले. पाप लागेल अशी भीती नव्हती. पकडली जाईन याची होती. सोमवार पार पडला. मंगळवारी दुपारी सामन्याची वीसेक मिनिटं उरली असताना आई सुपात तांदूळ निवडायला घेऊन मागे येऊन बसल्या.

पडद्यावर बावीस नंबरने बंडी काढली. मी दुधाचं नाव काढेपर्यंत ती रेषा ओलांडून धावतही सुटली होती.

"ही तं बाहेरची ना गो? आत कशी गेली?"

मी थकले होते. सीझनभर खोटं बोलून, चार-चार सेकंद मागे जाऊन अगदी थकले होते. म्हटलं, "आई, त्या तशा बाहेरच्या नसतात. एक दमली की दुसरी आत जाते, म्हणून बसतात. मी तेव्हा तुमची चेष्टा केली."

सुपावरचा त्यांचा हात थांबला. "आनि तू?"

कशावरून ओळखलं कोण जाणे. "मी आहे," म्हटलं, "कालपासून."

त्या देव्हाऱ्याकडे वळल्याच नाहीत. माझ्याकडेच बघत राहिल्या. "मना किती बरा वाटला व्हता," त्या म्हणाल्या. "चालीस वर्सा त्या खोलीत बसले मी. ताप आसला तरी बसले. पोटचा पोर दारात बसून रडायचा, त्याला घेता येत नसं. त्या गोऱ्या पोरी बगल्या न् वाटला, चला, समद्याच बसतान. आनि तू मना हसत व्हतीस."

त्यांनी मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. मी त्यांच्यापासून माझी नोकरी वाचवायला निघाले होते, आणि त्यांच्याकडे जो काय एवढासा दिलासा होता तो मीच दिला होता आणि मीच काढून घेतला. मी उठायला लागले.

"बस," त्या म्हणाल्या. "पुरा कर. देवाचा मी बगेन."

मी पुरं केलं. आई मागे बसून होत्या. बावीस नंबरच्या पायाला चेंडू तीनदाच लागला. मी तिन्ही वेळा बटण दाबलं. फाईल गेली.

"झाला? आता मागं जा."

गेले.

आठवड्याभरात मॅडमचा फोन आला, जागा तुमची. नवरा म्हणाला, "आईला विचार." आई अंगणात पापड वाळत घालत होत्या. मी समोर उभी राहिले, सांगितलं. त्यांनी वाकून एक पापड सरळ केला.

"तिकडं त्या चार दिसांत बसवतान?"

"नाही."

"मंग जा," त्या म्हणाल्या. "पन त्या दिसांत येशील तवा मागच्या दारानं ये."

सहा वर्षं मी बेलापूरला गेले. महिन्यातले चार दिवस परत येताना बंगल्याला वळसा घालून मागच्या दाराने शिरायचे. शेवटचं दीड वर्ष आई अंथरुणावर होत्या, कूससुद्धा मलाच बदलून द्यावी लागे. मी कुठल्या दाराने येते हे त्यांना दिसत नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलंही नाही. तरी मी मागच्याच दाराने येत राहिले.