कुकरची शिटी आणि तिसरे साहेब

आमच्या घरात दुसऱ्याचं पाकीट कुणी फोडत नाही. आम्ही ते फक्त उजेडासमोर धरतो.

हा चौकसपणा घेऊन मी छत्तीस वर्षं विमा कार्यालयात काढली आणि रिटायर झाल्यावर इथं हिंदी मुलखात, स्नेहलतागंजातल्या घरी बसून बायकोच्या, म्हणजे सुनंदाच्या, फोडण्यांची चौकशी करू लागलो. कंटाळून तिनंच मला एका कॉलेजच्या करिअर सेलमध्ये धाडलं. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात पोहोचलेल्या मुलामुलींना तिथं नोकरीच्या मुलाखतीसाठी तयार करतात, आणि त्यासाठी माझ्यासारख्या अनुभवी लोकांना मेंटर नेमतात. (मी आयुष्यात मुलाखत एकदाच दिली, तीही मामांनी ओळख काढल्यावर. हे मला कुणी विचारलं नाही.) हौसेनं मी फोनवरच्या मीटिंगच्या ॲपमध्ये स्वतःचं नाव बदलून नुसतं ‘सर’ असं ठेवलं.

माझ्या वाट्याला आली पायल. तिचे वडील सांवेर रोडवरच्या कारखान्यात पत्र्याची झाकणं काढणाऱ्या प्रेसवर होते. प्रेसच्या दणक्यानं त्यांचा एक कान गेलेला, दुसरा जायच्या बेतात. पायलला नोकरी लागली की ते प्रेस सोडणार, असं घरात ठरलं होतं. म्हणजे एका माणसाचा उरलेला कान त्या मुलाखतीवर अवलंबून होता आणि मुलाखतीची तयारी माझ्याकडे होती!

मी तीन आठवडे तिच्याकडून एकच प्रश्न घोटून घेतला, ‘अपने बारे में बताइए.’ उत्तर मी स्वतः लिहिलं होतं आणि त्यात नेतृत्वगुण तीनदा यायचे.

“सर, यात पप्पांच्या प्रेसचं सांगू का?” तिनं एकदा विचारलं. “मी छोटी होती तेव्हा टिफिन घेऊन जायची तिकडे.”

“अजिबात नाही. एवढी मोठी कंपनी, आणि टिफिनचं काय सांगतेस?”

मुलाखत ऑनलाइन होती. तिचं घर कारखान्याला खेटून, म्हणून मी तिला आमच्याकडे बोलावलं. दिवाणखान्यात माझा लॅपटॉप मांडला, दाराची बेल बंद केली, आईला (वय ब्याऐंशी, आवाज तिशीतला) स्वयंपाकघरात नेऊन बसवलं आणि मीही तिथंच थांबून दार ओढून घेतलं. इथपर्यंत माझं वागणं आदर्श होतं.

मग मला राहवेना. मुलाखतीची लिंक तपासायला म्हणून फोनवर घेतलेली होतीच.

“अहो, काय करताय?” कुकर चढवता चढवता सुनंदानं विचारलं.

“काही नाही, नुसतं ऐकतो.”

“इतना शौक आहे तर तिच्याजवळ जाऊन बसा ना.”

“मला पण ऐकव रे,” आई म्हणाली. “अकेले अकेले काय ऐकतोस?”

मी बटण दाबलं. कॅमेरा बंद, माइक बंद (अशी माझी समजूत). पलीकडून एक बाई म्हणाल्या, “लीजिए, सर भी आ गए। गुड मॉर्निंग, सर।”

मुलाखत घेणारे तिघं होते आणि त्यातले मोठे साहेब अजून यायचे होते. ते कायम उशिरा येणारे आणि कॅमेरा न लावणारे असावेत, कारण कुणाला शंकाच आली नाही.

“सर, पहला सवाल आप पूछेंगे?”

“निघा तिथून,” सुनंदा कुजबुजली. निघायचं बटण मला सापडेना.

“विचार ना रे, ती बाई एवढं म्हणतेय तर,” आई म्हणाली.

“जी सर, आपने कुछ कहा?”

माइक चालू होता! माझ्या तोंडून निघाला तो तीन आठवड्यांच्या सवयीचा प्रश्न, “अपने बारे में बताइए.”

फोनवर पायलचा चेहरा दिसत होता. तिनं दाराकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, आता नेतृत्वगुण येणार.

“सर, मेरे पापा प्रेस चलाते हैं,” ती म्हणाली.

मग टिफिन आला. टिफिन द्यायला गेली की ती तिथं उभी राहून प्रेसचा आवाज ऐकायची. पत्रा कापणारा साचा बोथट झाला की ठोका जड पडतो, आणि खराब झाकणं त्यानंतर यायला लागतात. बारा वर्षांची असताना तिनं एकदा पप्पांना मशीन थांबवायला लावलं, कारण त्यांना तो फरक ऐकू येईनासा झाला होता. नोकरी मालाची क्वालिटी तपासायची होती. पलीकडचे दोघं भराभर लिहून घेऊ लागले. माझं एकही वाक्य तिनं वापरलं नाही आणि मला मात्र भरून आलं.

तेवढ्यात दोन गोष्टी झाल्या. कुकरची शिटी झाली आणि खरे मोठे साहेब हजर झाले.

“आप सर हैं, तो ये सर कौन हैं?” बाईंनी विचारलं.

पायलला सहज हात झटकता आले असते.

“मैडम, ये मेरे मेंटर हैं, इसी घर के किचन में,” ती म्हणाली. “मुझे पता नहीं था कि ये सुन रहे हैं। आवाज़ से शक हुआ था, फिर कुकर की सीटी पहले दरवाज़े से आई, बाद में स्पीकर से। कुकर एक ही है।” आणि तिनं जोडलं, “और उसका रबर गया है। भाप साइड से निकल रही है।”

सुनंदानं वाकून पाहिलं. झाकणाच्या बाजूनं वाफ येत होती. “दोन महिने मी हेच म्हणतेय,” ती म्हणाली, तेही पलीकडे ऐकू गेलं.

मोठे साहेब खूप वेळ हसत होते. मग म्हणाले, “और आप, मेंटर साहब? ज़रा अपने बारे में बताइए।”

छत्तीस वर्षांची नोकरी, तीन आठवड्यांची शिकवणी, काही म्हणता काही आठवेना.

“जी, मैं... दाल देख रहा हूँ,” मी म्हणालो, आणि त्याच क्षणी मला निघायचं बटण सापडलं.

साहेबांनी पायलची मुलाखत दुसऱ्या दिवशी कंपनीत समोरासमोर पुन्हा घेतली. मला गेटबाहेर थांबायला सांगितलं होतं. पायलनंच.

नोकरी लागल्यावर ती वडिलांना घेऊन पेढे द्यायला आली, सोबत कुकरचं नवं रबर. वडिलांनी प्रेस सोडली होती. चांगला कान माझ्याकडे करून त्यांनी विचारलं, “सरजी, आपने इसको क्या सिखाया?” मी पेढा तोंडात टाकला आणि तो बराच वेळ चघळला.

‘अपने बारे में बताइए’चं माझं उत्तर अजून तयार नाही. सुनंदाकडे एक तयार आहे, पण ते मुलाखतीत सांगण्यासारखं नाही.