हक्कसोडाची सही राहिली ते बरं झालं

न्युरेम्बर्गमधलं आमचं घर भाड्याचं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागच्या अंगाला एवढीशी बाल्कनी. ह्यांच्या कारखान्याला जवळ म्हणून घेतलेलं. हे गेले, लेक नोकरीसाठी बर्लिनला गेली, तरी मी तिथेच राहिले. कोपऱ्यावरचा तुर्की भाजीवाला माझ्यासाठी कोथिंबिरीची जुडी बाजूला काढून ठेवायचा. ज्या बेकरीत मी पाव विकले तिथल्या मुली अजून रस्त्यात थांबून बोलायच्या. आता या वयात उठून दुसरीकडे जायचं आणि पुन्हा सगळ्यांना आपण कोण ते सांगत बसायचं, हे काही मला झेपणारं नव्हतं.

ह्यांच्या माघारी मिळणारी पेन्शन आणि माझी बेकरीतली तुटपुंजी पेन्शन, दोन्ही मिळून भाडं जेमतेम निघायचं. म्हणून मला वोनगेल्ड मिळायचं. कमी उत्पन्नवाल्यांना राहत्या घरासाठी सरकार देतं तो हातभार. पहिल्यांदा मागायला गेले तेव्हा लाज वाटली होती, खोटं कशाला बोलू. लेकीने दटावलं, "आई, तुम्ही दोघांनी इतकी वर्षं टॅक्स भरला तो काय चंद्रावर गेला?" मग गेले.

युरो येऊन थोडी वर्षं झाली असतील, तेव्हा घरमालकाचं पत्र आलं. तो बिल्डिंगचे फ्लॅट सुटे करून एकेक विकणार होता. इथला नियम असा, की अशा वेळी राहणाऱ्या भाडेकरूला आधी विचारायचं, त्याच किमतीला तू घेतोस का म्हणून. उत्तर द्यायला दोन महिने. मी नाही म्हटलं, की नवा मालक येणार. आज ना उद्या तो म्हणणार, मला स्वतःला राहायचंय. तसं म्हणायचा त्याला हक्क असतो, आणि मग माझी पिशवी माझ्या हातात.

त्याच आठवड्यात सांगलीहून दादाचा फोन.

"अगं, बाबांच्या प्लॉटला गिऱ्हाईक आलंय. तुझा हिस्सा कुठल्या खात्यात टाकू?"

"मला कशाला रे? हक्कसोडपत्र पाठव, सही करून देते."

बघा, तोंडातून निघूनच गेलं! आमच्याकडे बहिणींनी हेच करायचं. माझ्या सगळ्या आत्यांनी सह्या केल्या, भावाकडून साडी घेतली आणि माहेर आपलं राहिलं या समाधानात परत गेल्या. ते इतकं अंगात मुरलेलं, की मालकाचं पत्र समोर टेबलावर पडलेलं असूनही मी उदारपणे बोलून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर मालकाचं पत्र पुन्हा वाचलं. आता कुठल्या तोंडाने मागायचं?

पाच मिनिटांत पुन्हा फोन. या वेळी वहिनी.

"काय हो वन्सं, हक्क सोडताय म्हणे?"

"रीतच आहे ना वहिनी."

"आणि मग मी साडी आणायची. ती नेसणार कधी तुम्ही, बर्फात? कोटाच्या आत? मला बाजारात जायचा कंटाळा आलाय. गपचूप पैसे घ्या."

"दादाला काय वाटेल?"

"शेजारीच बसलेत, मान डोलावतायत. अहो, मानेचा आवाज जर्मनीला जात नाही, बोला की काहीतरी!"

मागून दादा ओरडला, "घे बाई घे! नाहीतर ही मला आज जेवायला वाढायची नाही!"

मग मी हसता हसता रडले आणि घराचं सगळं सांगून टाकलं.

पण नुसत्या हिश्श्यात घर येणार नव्हतं. थोडं कर्ज काढावं लागणार होतं. लेक जामीन राहायला तयार होती, पण हप्ता मी भरायचा हे माझं ठरलेलं. मी केव्हाच हिशोब करून बघितला होता. वोनगेल्डसारखा काहीतरी हातभार चालू राहिला तर हप्ता निघत होता, नाहीतर नाही. आणि हातात माहेरचे पैसे आल्यावर ते वोनगेल्ड राहणार का?

गणपतीच्या दर्शनाला आपली मंडळी जमली, तिथे विषय काढला. पुण्याची कॉम्प्युटरवाली मुलं, भारी हुशार. "काकू, आम्टला सांगूच नका. पैसे इंडियातच राहू देत, कोण बघायला येतंय?" आम्ट म्हणजे इथलं सरकारी ऑफिस. मी म्हटलं, नाही रे बाबांनो. आज लपवलं तर रोज दारावरची बेल वाजली की दचकायचं. त्यापेक्षा आपणच जाऊन सांगावं.

गेले. टेबलापाशी एक मध्यमवयीन बाई होत्या, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, सांगितलंत ते चांगलं केलंत. वारशाने आलेली रक्कम आम्ही उत्पन्न धरत नाही, ती संपत्ती. संपत्ती फारच मोठी असेल तर वोनगेल्ड बंद होतं, तुमची काही तेवढी नाही. बँकेत ठेवून व्याज मिळालं, तर व्याज तेवढं उत्पन्नात धरू.

माझा जीव भांड्यात पडला. निघता निघता विचारलं, "आणि त्या पैशांतून मी राहतं घर विकत घेतलं तर?"

बाई हसल्या. "आल्झो, तर मग तुम्हाला वोनगेल्ड लास्टेनत्सूशुस म्हणून मिळेल."

माझं जर्मन बेकरीच्या काउंटरवर शिकलेलं. पावाच्या पन्नास जातींची नावं सांगेन, पण ऑफिसातले लांबलचक शब्द मी तोडून तोडून समजून घेते. त्सूशुस म्हणजे मदत, हे ठाऊक होतं. राहिलं लास्ट. लास्ट कुणाला कळत नाही? शेवटची मदत! घर घेतलं की एकदा काय ते देणार आणि हात झटकणार. आणि एवढं गोड हसून सांगतेय ही बया! मी दांके म्हटलं आणि बाहेर पडले. ट्राममध्ये बसल्यावरच डोळे भरून आले.

दोन दिवस गेले. मग दादाला फोन केला. "पाठवच ते हक्कसोडपत्र. घराचं काही जमत नाही, नुसते पैसे बँकेत ठेवून मी काय करू?" वहिनी मागून काहीतरी बोलत होत्या, मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दादाने बिचाऱ्याने कागद लेकीला ई-मेलने पाठवला. शनिवारी ती तो छापून घेऊन बर्लिनहून आली, पण हातात देईना.

ही माझी लेक, हिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर देते जर्मनमध्ये. मी इथे मराठीतच लिहिते. तिने विचारलं, "त्या बाई नेमकं काय म्हणाल्या?"

"लास्टेनत्सूशुस. शेवटची मदत."

तिने कागद बाजूला ठेवला. "आई, लास्टवागन म्हणजे काय?"

"ट्रक. तेवढं कळतं मला."

"ट्रकला लास्टवागन का म्हणतात?"

"हळू जातो बिचारा. सगळ्यांच्या शेवटी पोचतो, म्हणून."

पोरगी सोफ्यावर आडवी झाली. मला वाटलं हिला उचकी लागली, पाणी आणायला उठले तर हात धरून म्हणते, "अगं आई, लास्ट म्हणजे ओझं! ट्रक ओझं वाहतो! घर स्वतःचं झालं की भाडं नसतं, पण कर्जाचं, देखभालीचं ओझं असतं. त्याला ही मदत. तुझं वोनगेल्डच ते, भाडेकरूचं नाव वेगळं, मालकाचं वेगळं."

"दर महिन्याला?"

"दर महिन्याला!"

माझा विश्वास बसेना. सोमवारी तिने माझ्यासमोर आम्टमध्ये फोन लावला आणि तो माझ्या कानाला दिला. "गेनाऊ," त्या बाई म्हणाल्या, अगदी बरोबर. नवीन अर्ज करावा लागेल, रक्कम थोडी कमीजास्त होईल, पण बंद होणार नाही. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही चेहरा पाडून गेलात, मला कळेना माझं काय चुकलं." मी म्हटलं, तुमचं नाही हो, इंग्रजांचं चुकलं.

दादाला कळवलं तर फोन वहिनींनीच घेतला. "वन्सं, साडी वाचली हो माझी!" आणि किती वेळ हसत होत्या.

पुढे सगळं रीतसर झालं. बँक, कर्ज, नोटरी. दोन महिने संपायच्या आत मी मालकाला हो कळवलं होतं. मदत आधीपेक्षा किंचित कमी बसली, पण हप्ता निघायला लागला. आपल्या मंडळींपैकी काहीजण पेढे घेऊन 'नवीन घर' बघायला आले आणि तोच सोफा, तेच पडदे बघून गोंधळून उभे राहिले. मी म्हटलं, बसा, हेच नवीन.

त्या वर्षी बिल्डिंगमधल्या बऱ्याच लोकांनी सामान हलवलं. जिन्यात सतत खोकी. एकदा बाजारातून येत होते, तर तळमजल्यावरच्या आजी दार उघडून उभ्या. त्यांना त्यांचं तेच राहतं घर लेकाने घेऊन दिलं होतं. मला बघून काळजीने विचारलं, "तुम्ही कधी जाणार?"

"इश ब्लाइबे," मी म्हटलं. मी राहतेय.

त्यांना कमी ऐकू यायचं. मी पिशव्या खाली ठेवल्या आणि सगळा जिना ऐकेल अशा आवाजात पुन्हा सांगितलं.